वैजनाथचा माळ

नववीच्या वर्गात इंग्रजीचा एक धडा शिकवताना 'मूर' हा शब्द आडवा आला. साल १९८४ असावं. कुणी एक इंग्रज मुलगी सुट्टीत आजोबांकडे जाते आणि घरामागच्या मूरवर एकटीच भटकते, असा काहीतरी तो धडा होता. मी आदल्या रात्री शब्दकोश पाहून ठेवला होता. त्यात 'उंचावरील ओसाड, पडीक जमीन' एवढंच होतं. फळ्यावर तसं लिहिलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पडीक हाय तर ती पोरगी तितं कशाला जात्या?"

प्रश्न बरोबर होता. हातातला खडू तसाच राहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, वैजनाथचा माळ नाही का? तसं ते." वर्गातली निम्मी पोरं पश्चिमेकडच्या खेड्यांतून सायकली मारत येणारी. ती एकदम हसली. "तितं आमची म्हसरं चरत्यात, सर!" पण शब्द त्यांना कळला तो कायमचा. वार्षिक परीक्षेत एकानं 'मूर' या शब्दाचा अर्थ सरळ 'वैजनाथ' असा लिहिला. मी त्याला अर्धा गुण दिला. आता वाटतं, पुरा द्यायला हवा होता.

बेळगावात ज्यांच्या घराला पश्चिमेकडं तोंड असलेली गच्ची आहे, त्यांना हा डोंगर रोज दिसतो. रोज दिसतो म्हणूनच बहुधा कुणी तो पाहत नाही. पावसाळ्यात तर आठ आठ दिवस तो असतो की नसतो याचा पत्ता लागत नाही. मग एखाद्या संध्याकाळी ढग वर सरकतात आणि माथा सपाट कापल्यासारखा, निळाकाळा, अनपेक्षित जवळ येऊन उभा राहतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर. हा त्याहून आणखी सहा-सातशे फूट वर. म्हणजे डोंगर म्हणून काही फार मोठा नव्हे. पाठीवर पिशव्या बांधून गड चढणारी तरुण मंडळी पारगडला जातात, कलानिधीगडला जातात, नाहीतर सरळ आंबोली गाठतात. इकडं येतात ते भाविक. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला देवरवाडीच्या वर वैजनाथाच्या देवळाशी गर्दी होते, नारळ फुटतात, आणि माणसं आल्या वाटेनं खाली उतरतात. देवळाच्या पाठीमागून वर चढून माळावर जाणारे थोडे. माळाच्या पलीकडं महिपाळगड आहे. गड म्हणजे काय, तटाचे काही तुकडे, बुरुजाचे दगड आणि त्यांच्या आत नांदतं गाव. गावात किल्ला आहे की किल्ल्यात गाव, हे ठरवणं कठीण. त्याच गावात माझी आत्ती दिली होती.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझा जन्म १९५५ चा. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. मी धड चालायला लागलो तोवर १ नोव्हेंबर १९५६ उजाडला आणि आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. कॉलेजात होतो तेव्हा १९७३ साली म्हैसूरचं कर्नाटक झालं. मी निवृत्त झालो २०१५ साली, तेव्हा गावाचं सरकारी नावही बदलून वर्ष होत आलं होतं. घर मात्र तेच, दारातला तुळशीकट्टा तोच. सीमाप्रश्नावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी ते लिहावं. दर १७ जानेवारीला मीही हुतात्म्यांना हात जोडून येतो. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा आणि सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, हे आमच्याकडं शाळकरी पोरंही सांगतील. पण एक गोष्ट बेळगावातल्या जाणत्या माणसांनाही पटकन आठवत नाही. १९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला, तेव्हा त्यातला चंदगड तालुका तेवढा मागं राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. देवरवाडी, वैजनाथ, महिपाळगड हे सगळं चंदगड तालुक्यातलं. म्हणजे आमच्या गच्चीवरून दिसणारा डोंगर एका रात्रीत परजिल्ह्यात आणि परराज्यात गेला. डोंगरावरच्या माणसाला जिल्ह्याचं गाव शंभर किलोमीटरच्या पुढं. आणि बाजार, दवाखाना, मिरची विकायची जागा, पोरीला स्थळ बघायची जागा वीस-बावीस किलोमीटरवर बेळगावात. सातबारा तिकडं आणि सोयरीक इकडं.

माझे वडील रविवार पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. पश्चिमेकडून रताळी घेऊन येणारा शेतकरी दिसला की पट्टी लिहायच्या आधी विचारायचे, "वर पाऊस कसा हाय?" वर म्हणजे बहिणीच्या गावी. आत्ती त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. तिचं लग्न झालं तेव्हा सासर-माहेर एकाच जिल्ह्यात होतं. वडील म्हणायचे, "मी तिला परमुलखात दिली न्हाई. मुलूखच उठून गेला."

श्रावणातल्या एका सोमवारी ते वैजनाथला चालत जायचे. मी नऊ वर्षांचा झाल्यावर मलाही नेऊ लागले. पहाटे तीनला उठायचं, अनवाणी निघायचं. हिंडलगा, सुळगा मागं पडेपर्यंत अंधारच असायचा. पुढच्या माणसाच्या धोतराचा पांढरा पट्टा धरून चालायचं. शिनोळीच्या पुढं वळलं की तांबडा चिखल सुरू व्हायचा. घोट्यापर्यंत पाय लाल. देवळाच्या कुंडातलं पाणी इतकं गार की पायातली कळ एकदम बंद पडायची. जुनं दगडी देऊळ. आत वैजनाथ, शेजारी आरोग्यभवानी. दर्शन झालं की बरोबरची मंडळी केळी-खजूर खाऊन परत फिरायची. आम्ही दोघे मात्र वरची पायवाट धरायचो. वडील माझ्या आईला म्हणायचे की देवाला चाललो. खरं तर देव वाटेत लागायचा.

आत्ती वर्षातून एकदा खाली यायची, गौरीच्या आदल्या दिवशी. डोक्यावर तेरड्याचा भारा. आमच्याकडं गौर तेरड्याची. बाजारात हवा तेवढा तेरडा मिळायचा, पण आमच्या आईला तो चालायचा नाही. वैजनाथच्या माळावरचाच हवा, का तर त्याचा रंग गडद. आत्ती भारा अंगणात टाकायची, त्याचं पाणी निथळत बसायचं आणि घरभर ओल्या माळाचा वास पसरायचा. रात्री राहायची, सकाळी हळदी-कुंकू घेऊन परत. जाताना दर वर्षी तेच बोलायची. रात्री माळाच्या टोकाला उभं राहिलं की बेळगावचे दिवे दिसतात, त्यातला एक तिनं आमचा म्हणून धरून ठेवला आहे. "कसा गं ओळखतीस?" म्हणून आम्ही तिची थट्टा करायचो. ती म्हणायची, "तो सगळ्यांच्या मागनं इझतोय." दिवाणजींच्या घरात रोजमेळ लिहून होईपर्यंत दिवा जळायचा, हे खरंच होतं.

वडील १९९४ साली गेले. तेव्हा आत्ती साठीची होती. माळ उतरून, शिनोळीला एसटी पकडून तिन्हीसांजेच्या आत पोचली होती.

आता २०२०. मे महिना होता. टाळेबंदीत राज्याराज्यांच्या सीमा बंद. आत्तेभावाचा फोन आला, "दादा, आई जेवत न्हाई. तुमची आठवण काढत्या." आत्ती सत्त्याऐंशीची. आजार तो नव्हे, वयाचा. मी दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाची स्कूटर घेऊन निघालो. नाक्यावर अडवलं. पास विचारला. पास नव्हता. तिथल्या माणसानं अरेरावी काही केली नाही. उलट माझ्या वयाकडं बघून खुर्ची दिली आणि पास कसा काढायचा ते समजावून सांगितलं. मी खुर्चीवर बसलो. समोर, हात लांब केला तर लागेल असा डोंगर. मे महिन्यातला, पिवळा, कोरडा. तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला, तिथल्याच गावचा. बाजूला घेऊन म्हणाला, "सर, शेतातनं जावा की. पलीकडच्या बांधावर उतरलासा की झालं. कोण बघतंय?"

मी गेलो नाही. मुलांना पस्तीस वर्षं नियम शिकवलेला माणूस चोरवाटेनं कसा जाईल, असं मी घरी येऊन सांगितलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे मी घाबरलो होतो. रोगाला, पोलिसांना, आणि पलीकडच्या गावानं 'हा बेळगावचा, हा रोग घेऊन आला' म्हणून हाकललं तर, याला. वडील असते तर गेले असते. पास यायला तीन दिवस लागले. आत्ती दुसऱ्याच रात्री गेली.

त्यानंतर मी वर दोनदा जाऊन आलो. एकदा तिच्या वर्षश्राद्धाला, एकदा नातीच्या लग्नाला. दोन्ही वेळा गाडीनं, कारण आता डांबरी रस्ता थेट गडावर जातो. गर्दीत गेलो, गर्दीत परतलो. आत्तेभाऊ हसून बोलला, ताट वाढलं, आहेरही केला. पण जे बोलायचं ते दोघांनीही टाळलं. यंदा सत्तरी उलटली आणि गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा ठरवलं की एकदा चालत जायचं. गौरी-गणपती होऊन गेल्यावर, भाद्रपदाच्या शेवटी. माळ बघायचा तर तोच महिना.

सकाळच्या बसनं शिनोळी फाट्यावर उतरलो. दुकानांवरच्या पाट्यांवरची कन्नड अक्षरं संपून देवनागरी सुरू झाली म्हणजे सीमा ओलांडली असं समजायचं. बाकी रस्ता, खड्डे, दुतर्फाची भातं सारखीच. खिशातल्या मोबाइलनं मात्र इमानेइतबारे वर्दी दिली की आपलं महाराष्ट्रात स्वागत आहे. माळावर चढल्यावर त्यानं एकदा कर्नाटकात स्वागत केलं, पुन्हा महाराष्ट्रात केलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तो बंद करून टाकला.

शिनोळीला आता कारखाने आहेत, बेळगावची पोरं तिथं कामाला जातात. देवरवाडीकडं वळलं की ते मागं राहतं. रस्त्याच्या कडेला रताळ्याचे वेल तांबड्या वरंब्यांवरून पसरले होते. नवरात्राच्या उपवासाला हीच रताळी बाजारात येतात. पुढं काजूच्या बागा, मग चढ. देवळाशी दोन-तीन माणसं होती. कुंडाच्या पाण्यात पाय घातले. पाणी तसंच गार. पुजाऱ्यानं विचारलं, "गाडी कुठं लावलासा?" मी म्हटलं, चालत आलोय. त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं आणि अंगारा जरा जास्त दिला.

देवळामागची वाट थोडी झाडीतून चढते. कारवी दाट आहे, तिची पानं तोंडाला घासतात. मी चार वेळा बसलो, हे कबूल करतो. मग झाडी एकदम संपते, डोक्यावरचं छप्पर काढून घेतल्यासारखं होतं आणि आपण माळावर असतो.

हा माळ म्हणजे जांभ्या दगडाची एक पसरट लादी. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या सर्वेक्षकानं १८०७ साली मलबारच्या बाजूला या दगडाला 'लॅटराइट' हे नाव दिलं; लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. ताजा खणला की कुऱ्हाडीनं कापता येतो आणि वारा लागला की टणक होतो. हजारो वर्षांच्या पावसानं त्यातलं पिकाला लागणारं सगळं धुऊन नेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम तेवढं उरलं. म्हणून तो लाल आणि म्हणून त्यावर शेती होत नाही. वीतभरही माती नाही, झाडाला मूळ रोवायला जागा नाही. वारा असा की छत्री उघडली तर छत्रीसकट आपण कोवाडला उतरायचं. उन्हाळ्यात इथं उभं राहिलं तर शब्दकोशातला अर्थच खरा वाटेल.

पण भाद्रपदात? नजर पोचेल तिथवर तेरडा, गुलाबी-जांभळा. त्यात सोनकीचे पिवळे तुकडे, जणू कुणी हळद सांडत गेलंय. जिथं पाणी साचून राहतं तिथं गेंदाच्या पांढऱ्या गोंड्या, आणि त्यांच्यात खाली वाकून बघितल्याशिवाय न दिसणारी सीतेची आसवं, जांभळी, नखाएवढी. नाव इतकं हळवं, पण झाड शिकारी आहे. त्याला मुळाशी बारीक पिशव्या असतात, त्यात पाण्यातले किडे ओढून घेऊन ते पचवतं. जमीन नत्र देत नाही तर किड्यांतून घ्यायचं. त्याच्याच शेजारी खडकाच्या भेगेत मला दवबिंदू दिसलं. तांबूस, पानांच्या केसांवर चिकट थेंब, त्यात एक चिलट अडकलेलं.

इथं मला माझा १९८४ चा वर्ग आठवला. आर. पी. डी. कॉलेजात आम्हाला एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स' होती, १८४७ ची कादंबरी. तिच्यातला तो यॉर्कशायरचा वाऱ्यावादळातला मूर मी वाचला, शिकवला, पण पाहिला नाही. पाहायचीही शक्यता नाही. निवृत्तीनंतर त्याच्याबद्दल पुष्कळ वाचलं मात्र. तिथलं ते हेदर नावाचं खुरटं झुडूप निकस, आंबट मातीतच वाढतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळा मूर जांभळा करून टाकतं. म्हणजे आपला श्रावण-भाद्रपदच. तिथंही टिटवीची एक चुलतबहीण ओरडत फिरते. तिथल्या दलदलीतही दवबिंदूचाच एक भाऊबंद किडे धरत बसलेला असतो. तिथंही माळ जाळतात. जुनं हेदर जाळलं की कोवळे कोंभ फुटतात आणि ते रानकोंबड्यासारखा ग्राऊस नावाचा पक्षी खातो, म्हणून. आमच्याकडं फाल्गुन-चैत्रात गवताला आग लावतात, पुढच्या पावसाला गवत चांगलं फुटतं म्हणून. रात्री बेळगावातून बघितलं की डोंगरावर आगीची माळ सरकताना दिसते. लहानपणी मला ती फार आवडायची. तिच्यात एकूण एक रोपटी जळून जातात हे पुढं कळलं.

दवबिंदूशी वाकून मी बसलो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय पडलं काय तुमचं?" इरलं पाठीवर टाकून एक बाई उभी. माझ्याच वयाची असेल. पलीकडं तिच्या म्हशी.

"काही नाही, हे फूल बघतोय. ह्येला काय म्हणतासा तुम्ही?"

तिनं वाकून बघितलं. "त्येला न्हाई नाव. म्हसरं खात न्हाईत त्ये."

"आणि हे पांढरं?"

"त्येबी खात न्हाईत." मग माझी अडचण ओळखून म्हणाली, "तेरडा ठावं हाय न्हवं? मग झालं की. कुठनं आलासा?"

"बेळगावास्नं."

"चालत?"

"शिनोळीपास्नं चालत."

"गुडघं शाबूत हाईत म्हणायचं," ती म्हणाली आणि म्हशीकडं ओरडत गेली. थोडं जाऊन पुन्हा वळली. "कुणाकडं आलासा?" मी आत्तीच्या घराचं नाव सांगितलं. "दिवाणजीचं तुम्ही?" तिनं विचारलं. माझे वडील जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मी मान हलवली. ती म्हणाली, "तुमच्या आत्तीसंगं तेरडा घिऊन मी दोनदा आलेली हाय बेळगावला. तुमच्या आईनं आमास्नी पुरणपोळी दिल्ती." आणि मग, काही न लागणारं बोलल्यासारखं, "शेवटाला लई वाट बघितली बाईनं."

माळाचं पूर्वेकडचं टोक कड्यासारखं तुटतं. तिथून बेळगाव दिसतं. उन्हात पांढरं पसरलेलं, पूर्वीपेक्षा दुप्पट-तिप्पट. उजव्या हाताला लांब येळ्ळूरचा गड. दक्षिणेला राकसकोपचं पाणी चमकत होतं. मार्कंडेय नदीचं हेच पाणी आमच्या नळाला येतं. मागं वळलं की चंदगडच्या डोंगररांगा एकामागं एक निळ्या होत गेलेल्या. वडील मला इथं उभं करून सांगायचे, पुढच्या उताराचा पाऊस मार्कंडेयात जातो, मागच्या उताराचा ताम्रपर्णीत. शेवटी दोन्ही नद्या घटप्रभेलाच मिळतात. भूगोलाचा हा धडा मला शाळेत कुणी दिला नाही. त्या नऊ वर्षांच्या पोराला त्यात काय ऐकू यावं? मला भूक लागलेली असायची.

त्या टोकापासून थोडं अलीकडं, बांधाच्या आतल्या अंगाला, फणसाचं एक कोवळं झाड होतं. पुरुषभर उंचीचं. भोवती दगडांचं कुंपण. माळावर दुसरं झाड नव्हतं म्हणून ते डोळ्यांत भरलं. मी दगड टेकून उभा राहिलो आणि गावाची वाट धरली.

आत्तेभाऊ दारातच होता, सुपात नाचणीचं बी निवडत. मला पायी आलेला बघून उठला, सूप बाजूला सरकवलं. "दादा, फोन करायचा न्हवं? गाडी धाडली असती." सूनबाईनं पाणी दिलं, गूळ दिला. बोलणं पावसावर आलं, रताळ्याच्या भावावर आलं, हत्तींवर आलं. चंदगडला आता हत्ती येतात, बांधावरचे माड मोडतात. जेवणं झाली. तांदळाची भाकरी, अळूचं फदफदं, वर दही. मग सूनबाई आत गेली आणि आम्ही दोघेच सोप्यावर राहिलो.

मी म्हटलं, "मी त्या दिवशी नाक्यापर्यंत आलो होतो."

"ठावं हाय मला. तुमचा इद्यार्थी सांगिटला."

"शेतातनं यायला वाट होती. मी आलो नाही."

तो काही बोलला नाही. सूप पुन्हा ओढून घेतलं, बी निवडू लागला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आई इचारायची. सारखी इचारायची, पोरगा आला काय? मी सांगितलं, आलाय. नाक्यावर हाय. सोडतील आता."

"मग?"

"मग ती म्हणाली, दिवा ठेवा बाहीर. त्येला वाट दिसू दे. दोन राती ठेवला. दुसऱ्या राती दिवा हुता आणि ती गेली." त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "मी खोटं बोललो आईसंगं. ते मनात हाय माझ्या. तुमास्नी तरी कसं सांगू, तुमी म्हणाल ह्यो मला लावून बोलतोय."

म्हणजे पाच वर्षं आम्ही दोघे एकाच गोष्टीपायी एकमेकांकडं बघायचं टाळत होतो. मला वाटायचं तो रागावलाय, आणि त्याला वाटायचं मी. मला काय बोलावं सुचेना. मी त्याच्या सुपातली मूठभर नाचणी घेतली आणि खडे काढू लागलो. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. त्यानं दोन-तीनदा माझ्या हातातलं बघून काढलेले खडे पुन्हा तपासले; त्यातली निम्मी नाचणीच होती.

उन्हं कलली तसा मी उठलो. तो टोकापर्यंत बरोबर आला. फणसापाशी थांबला. त्या वेळी नदीवर जायला कुणी सोडत नव्हतं, मग रक्षा इथंच खड्ड्यात घातली आणि वर रोप लावलं, असं त्यानं सांगितलं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत खालून घागरीनं पाणी आणून घातलं. आग लावतात तेव्हा भोवतीचं गवत तो आधीच काढून ठेवतो. "इथंच का?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती खरी. समोर बेळगाव होतं. एकेक दिवा लागायला सुरुवात झाली होती.

तो डोळे बारीक करून बघत राहिला. "आमचं घर त्यातलं कुठलं, तुला दाखवायची काय ती?" मी विचारलं.

"दावायची की. पण मला कवा दिसलं न्हाई," तो म्हणाला. "दादा, अंधार पडायच्या आत देवळाजवळ उतरा. तिथनं पोरगा गाडीवरनं सोडंल फाट्यावर. आणि दसऱ्याला रताळी निघतील, तवा या."

मी म्हटलं, चालत येईन.

"गाडीनं या," तो म्हणाला.